आरोग्यविचार : भूल उतरली, बळ परतले का?

"शस्त्रक्रिया उत्तम झाली; पण पुढे फुफ्फुसांनी दगा दिला," हे वाक्य आपल्या घराघरांतून कधी ना कधी ऐकू येते. बोलणारा उसासा टाकून म्हणतो, "वयच झाले होते, चालायचेच!" वय हे कारण खरे, परंतु ते एकमेव कारण नव्हे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर होणारा फुफ्फुसांचा त्रास पुष्कळ अंशी टाळता येतो, आणि ते काम जितके भूलतज्ज्ञाचे, तितकेच घरच्या मंडळींचेही आहे.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला नुसते निद्रिस्त करून भागत नाही. पोटाचे स्नायू ताठ राहिले तर शल्यविशारदाचे काम अडते. म्हणून स्नायू शिथिल करणारे निराळे औषध द्यावे लागते. या औषधांचा मूळपुरुष म्हणजे क्युरारे, दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीसाठी बाणाच्या टोकाला लावीत ते विष. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रिऑल येथे डॉ. हॅरोल्ड ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी भूल दिलेल्या रुग्णावर त्याचा उपयोग केला आणि तेथून या पद्धतीचा प्रसार झाला. आज व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही सुधारलेली औषधे वापरतात. मज्जातंतू स्नायूला जो रासायनिक निरोप धाडतो, तो स्वीकारण्याची जागाच ही औषधे अडवून बसतात. कुलपात भलतीच किल्ली अडकावी, तसा हा प्रकार. श्वासाचे स्नायूही थांबतात आणि तेवढा वेळ यंत्र रुग्णासाठी श्वासोच्छ्वास करते.

शस्त्रक्रिया संपली की ही अडवणूक दूर करावयाची. त्यासाठी दोन प्रकारचे उतारे आहेत. जुना उतारा निओस्टिग्मिन. तो निरोप वाहणारे रसायन नष्ट होऊ देत नाही. ते साठत जाते आणि अडवणाऱ्या औषधास बाजूस सारते. त्याने हृदयाची गती मंदावते, म्हणून जोडीला अ‍ॅट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट द्यावे लागते. शिथिलता फार खोल असेल, तर मात्र हा उतारा अपुरा पडतो. दुसरा उतारा सुगॅमाडेक्स; त्याला २००८ साली युरोपात व २०१५च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली. शर्करेच्या रेणूंचे ते एक कडे आहे. रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम यांचा कण ते आपल्या पोकळीत कोंडून टाकते. अ‍ॅट्राक्युरियमवर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

आता वृद्धांचा प्रश्न. उतारवयात यकृत व मूत्रपिंड यांचे कार्य मंदावते. त्यामुळे रोक्युरोनियमसारख्या औषधाचा अंमल लांबतो. रुग्ण डोळे उघडतो, नाव सांगतो. आपणास वाटते, भूल उतरली. परंतु जाग येणे निराळे आणि स्नायूंचे बळ परतणे निराळे. श्वासपटल लवकर सावरते, घशाचे स्नायू मागाहून. या अवधीत लाळ श्वासनलिकेत उतरू शकते. खोकल्यात जोर नसतो, फुफ्फुसाचे खालचे भाग मिटून राहतात आणि तेथे जंतूंना आयते घर मिळते. तरुण शरीर हे सोसून नेते. वृद्ध शरीराजवळ तेवढी शिल्लक नसते.

हे बळ डोळ्यांनी जोखता येत नाही. पाच सेकंद मान उचलून धरण्याची जुनी कसोटी अशक्तपणा उरला असतानाही पार पडू शकते. म्हणून मनगटाजवळील मज्जातंतूला चार सूक्ष्म विद्युत्‌झटके देऊन अंगठ्याची हालचाल यंत्राने मोजतात. चौथी हालचाल पहिलीच्या निदान नऊ दशांश झाली, म्हणजे नळी काढण्यास हरकत नाही. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली असे मोजमाप करण्याची स्पष्ट शिफारस केली आहे.

तरीही उत्तम उतारा मिळाला म्हणजे सारे निभावले, असे नाही. सत्तरीच्या पुढील दोनशे रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, निओस्टिग्मिन दिलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांत शिथिलता उरलेली आढळली. सुगॅमाडेक्स दिलेल्यांत केवळ १० टक्क्यांत. फरक मोठा खरा. पण फुफ्फुसांच्या विकारांच्या प्रमाणात मात्र निर्णायक फरक दिसला नाही. म्हणजे औषधाखेरीज आणखीही काही हवे.

ते काय, याचे एक उत्तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील चाचणीने २०१८ साली दिले. पोटाच्या वरच्या भागाची मोठी शस्त्रक्रिया व्हावयाच्या ४४१ रुग्णांना माहितीपुस्तिका दिली होती. त्यांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टने एकदाच अर्धा तास भेटून दीर्घ श्वसन शिकविले व शुद्धीवर येताच ते का करावयाचे, हे समजावले. फुफ्फुसांचे विकार पुस्तिकाच मिळालेल्यांत २७ टक्के, तर शिकविलेल्यांत १२ टक्के झाले. अर्ध्या तासाच्या शिकवणीचे हे फळ!

यातून घरच्यांनी काय घ्यावे? तारीख ठरताच विडी-सिगारेट बंद करावी. महिनाभर आधी झाली तर फारच उत्तम. दात व कवळी रोज स्वच्छ ठेवावी. चालू औषधे, मूत्रपिंडाचा विकार, दमा, पूर्वीच्या भुलेचा अनुभव हे सर्व भूलतज्ज्ञास न लपविता सांगावे. श्वसनाचा व्यायाम आधीच शिकून घ्यावा. वेदनेच्या भरात नवे शिकणे कोणासही जमत नाही.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या अनुमतीने उशाकडची बाजू उंच ठेवावी. जखमेवर उशी धरून रुग्णास खोकू द्यावे आणि शक्य तितक्या लवकर बसवावे व चालवावे. "दुखते, पडू दे बिचाऱ्यांना" ही माया येथे घातक ठरते. दुखत असल्यास वेदनाशामक मागावे, पण पडून राहू देऊ नये. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. गुंगीतल्या वडीलधाऱ्यांचे ओठ सुकलेले पाहून आपले मन कळवळते आणि चमच्याने पाणी वा चहा घालण्यास हात पुढे होतो. तो हात आवरावा. घशात बळ नसताना तो घोट पोटात न जाता फुफ्फुसात जाऊ शकतो. परिचारिकेने सांगेपर्यंत ओल्या कापसाने ओठ टिपावेत, एवढेच.

भूलतज्ज्ञांना एक प्रश्न मात्र आधीच विचारावा : "नळी काढण्यापूर्वी स्नायूंचे बळ यंत्राने मोजणार आहात ना?" असे विचारण्यात अविश्वास नाही. आपल्या माणसाच्या श्वासाविषयी विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे, आणि कोणताही सुजाण भूलतज्ज्ञ या प्रश्नाचे आनंदाने उत्तर देईल.