हिकपचा पाय

'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' (2010) या चित्रपटाच्या अखेरीस हिकप हा व्हायकिंग मुलगा एक पाय गमावतो. यालाच त्याचा त्याग म्हटले जाते. मला ते पटत नाही. त्यागात निवड असते. नॉर्स पुराणकथेतला टीर हा देव फेनरिर लांडग्याच्या जबड्यात हात ठेवतो, तो जाणार हे ओळखून. लांडगा बांधला जातो, बाकीचे देव हसतात. टीर तेवढा हसत नाही. हिकपला मात्र पाय गेल्याचे शुद्धीवर आल्यावरच कळते.

त्याचा त्याग पूर्वीच घडलेला असतो. दोरांत अडकलेल्या टूथलेसवर सुरी उगारूनही तो त्याला मुक्त करतो. ड्रॅगनवधावर जिथे पुरुषार्थ ठरतो त्या जमातीतले, पित्याच्या नजरेतले स्थान तिथेच सोडतो. मग पाय कशाचा? ऋणाचा, असे मी म्हणेन. टूथलेसच्या शेपटीचा पंख हिकपच्याच यंत्राने गेला होता. आता कृत्रिम पाय खोगिराच्या रिकिबीत चपखल बसतो. क्रेसिडा कॉवेल यांच्या 2003 मधील मूळ पुस्तकात हे नाही. ही भर (रूपांतरांविषयी मी एरवी साशंक असूनही) मला मुळाहून सरस वाटते. पाय परत येत नाही, टीरचा हातही आला नव्हता.