मुंबईला लेकाकडे जाताय? मग चार दिवसांत परतू नका



ऊस कारखान्याला गेला, पाचट सरीत बसवून खोडव्याला पहिलं पाणी दिलं, की घरोघरी एक विषय निघतो. "मुंबईला पोराकडं एकदा जाऊन यायला पाहिजे." जाणं होतंही, पण चौथ्या दिवशी माणूस परत बांधावर हजर! विचारलं तर एकच उत्तर, "करमत नाही."

आमच्या थोरल्या बंधूंचं असंच झालं. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत राहतो. इचलकरंजीच्या मागांची खटखट ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. तिथे दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. बंधू चौथ्या दिवशी घरी आले. दोन दिवसांनी पुतण्याचा मला फोन आला, "तात्या, आबांचं आमच्याकडं काही चुकलं का?" त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. चूक कुणाचीच नव्हती. हाताला काम आणि पायाला वाट नव्हती, एवढंच.

पुढच्या खेपेला मी त्यांना कागदावर दिनक्रम लिहून दिला. तोच तुम्हाला सांगतो.

पहाटेची फेरी. गावी पाचला उठता, तसेच तिथेही उठा. शिवाजी पार्क म्हणजे सुमारे अठ्ठावीस एकरांचं एकच मोकळं रान, सभोवती बसायला कट्टा. १९२५ साली नगरपालिकेने हे मैदान लोकांना खुलं केलं आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या सूचनेवरून त्याला महाराजांचं नाव मिळालं. एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. दोन फेऱ्या मारून कट्ट्यावर टेका. शेजारचा माणूस सातारचा नाहीतर मालवणचा निघतो आणि "यंदा पाऊस कसा?" इथून बोलणं सुरू होतं. मैदानावरची पोरांची क्रिकेटची शिकवणी फुकट बघायला मिळते. सचिन तेंडुलकर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली इथेच घडला. कोरड्या दिवसांत तांबडी धूळ उडते. गवताचं आच्छादन नसलं की माती जागेवर राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

फुलबाजार. एक दिवस भल्या पहाटे दादर स्टेशनच्या पश्चिमेच्या फुलबाजारात जाच. आपला झेंडू, शेवंती, निशिगंध शेवटी कुठे जातो ते डोळ्यांनी बघा. बंधूंचा वीस गुंठे झेंडू असतो. तिथूनच त्यांचा फोन आला, "अरे, ओली फुलं पोत्यात दाबून भरलेली काळी पडत्यात. तिला गिऱ्हाईक हात लावत नाही. सुकी, मोकळी भरलेली आधी उठत्यात." मी हेच त्यांना दहा वर्षं सांगत होतो! दव सुकल्यावर तोडा, सावलीत पसरा, हवेशीर क्रेटमध्ये भरा. अधिकाऱ्याचं ऐकलं नाही, बाजाराचं ऐकलं. असो.

समुद्र. मैदानापासून दादरची चौपाटी पायी काही मिनिटांवर. पण पंचांग बघून निघा. कोकणातल्या लोकांचा साधा हिशेब आहे: पंधरवड्यातली तिथी घ्या, तीनने गुणा, चारने भागा. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनला भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे नऊला, ओहोटी. अष्टमीला संध्याकाळी सहाला पाणी चढलेलं असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास त्याच वेळी वाळू मोकळी सापडते. नातवाला घेऊन जा आणि हा हिशेब त्याला घालायला लावा. पाण्यात मात्र उतरू नका. तिथलं पाणी स्वच्छ नाही आणि पावसाळ्यात लाट फसवते.

किनाऱ्यालगतच चैत्यभूमी आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर इथेच अंत्यसंस्कार झाले. इथे थोडा वेळ शांत बसावं. ६ डिसेंबरच्या सुमारास लाखो लोक दर्शनाला येतात, तेव्हा त्या बेताने निघावं.

बाकीचे दिवस. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला मंगळवार सोडून जा, गर्दी कमी लागेल. नाटकाची आवड असेल तर दादरचं शिवाजी मंदिर आहे. वहिनींना भाजी बाजारात धाडा. आपल्याकडे ढिगाने जाणारी मेथी तिथे केवढ्याला जुडी, ते त्या येऊन सांगतील.

जाण्याआधी घरची सोय लावा. मोटारीची चावी शेजाऱ्याकडे, गोठ्याचं काम भरवशाच्या माणसाकडे, पाण्याची पाळी कागदावर. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या पिशवीत.

बंधू या खेपेला पंधरा दिवस राहिले. रोज संध्याकाळी फोनवर विहिरीचं पाणी विचारायचे, ते काही सुटलं नाही. पण निघताना नातू स्टेशनवर रडला, आणि आबा आता दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहेत.

तुमच्या लेकरांनी मनातल्या मनात तो पुतण्याचा प्रश्न विचारू नये, म्हणून हे लिहिलं. जा, आणि राहा.

पुढच्या अंकी: खोडव्याला खत केव्हा आणि किती.