विद्यापीठाची परीक्षा कोणी घ्यावयाची?

प्रतिवर्षी बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला की आपणांपैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात रुग्णांबरोबर आणखी एका प्रकारची मंडळी येऊ लागतात. त्यांना औषध नको असते, सल्ला हवा असतो. मुलाला किंवा मुलीला बी.ए.एम.एस.ला घालावयाचे निश्चित झालेले असते. प्रश्न एवढाच असतो, की ‘वैद्यराज, हे विद्यापीठ चांगले आहे ना?’ हा प्रश्न विचारताना पालक सोबत तीन प्रमाणपत्रे घेऊनच आलेले असतात. पहिले, विद्यापीठाचे नाव सर्वत्र आहे. दुसरे, तेथील प्रवेश गेल्या वर्षी बऱ्याच वरच्या गुणांवर बंद झाले. तिसरे, तेथे पदव्युत्तर विषयांची यादी मोठी आहे. नावलौकिक, निवड आणि अभ्यासक्रम या तीन कसोट्या लावल्या की निर्णय झाला, असे पालक समजतात. खेदाची गोष्ट ही, की आपणही तसेच समजतो. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता.

काही वर्षांपूर्वी माझे एक स्नेही, जे एक लहानशी फार्मसी चालवितात, आपल्या कन्येस घेऊन माझ्याकडे आले. मुलगी हुशार होती. दोन महाविद्यालयांत तिला प्रवेश मिळत होता आणि दोन्ही एकाच राज्य विद्यापीठाशी संलग्न होती. मी मागील वर्षाची प्रवेशयादी पाहिली. ज्याचा शेवटचा प्रवेश अधिक गुणांवर झाला होता ते महाविद्यालय निवडावयास सांगितले आणि विषय संपविला. साडेचार वर्षांनी आंतरवासितेच्या काळात ती मला भेटावयास आली. नाडीपरीक्षेविषयी बोलणे निघाले तेव्हा ती खाली पाहून म्हणाली, “काका, नाडी पाहिली आहे, पण रुग्णाची नाही. वर्गातल्या मैत्रिणींची.” तिच्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा होत्या, खाटांवर चादरीही होत्या, रुग्ण मात्र तपासणीच्या दिवसांपुरते असत. मी नाकारावयास लावलेल्या दुसऱ्या महाविद्यालयाचे रुग्णालय तालुक्याच्या गावी होते आणि सकाळी आठपासून तेथे रांग लागत असे. ही माहिती मला एका दूरध्वनीवर मिळाली असती. मी तो केला नाही.

त्या दिवसापासून या तीन कसोट्यांचा मी पुन्हा विचार करू लागलो. तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम निवडीविषयी. कटऑफ वरचा म्हणजे विद्यापीठ दर्जेदार, हे समीकरण आपल्या क्षेत्रात मुळातच लागू पडत नाही. कारण राज्य विद्यापीठ विद्यार्थी निवडतच नाही. २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानेही ‘नीट’ ही सर्व देशासाठी एकच प्रवेश परीक्षा बंधनकारक केली आहे. महाराष्ट्रात प्रवेशाच्या फेऱ्या राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. मग कटऑफ कशाने ठरतो? शहर मोठे की लहान, शुल्क किती, वसतिगृह आहे की नाही, घरापासून अंतर किती आणि त्या वर्षी एम.बी.बी.एस. व बी.डी.एस.कडून किती विद्यार्थी इकडे वळले, यांनी. आपल्या शाखेत येणाऱ्यांतील अनेकांची पहिली इच्छा दुसरी असते, हे आपण सारे जाणतो. त्यात कमीपणा नाही. पुढे त्यांतूनच उत्तम वैद्य झालेले आहेत. परंतु प्रवेशाच्या वेळचे गुण हे विद्यार्थ्याने बारावीपर्यंत काय केले ते सांगतात. पुढील साडेचार वर्षांत त्याच्यावर कोणते संस्कार होणार, याविषयी ते मौन पाळतात. कच्चे द्रव्य उत्तम आहे म्हणून कल्प सिद्ध झाला, असे कोणताही फार्मसीचालक म्हणणार नाही.

आता नावलौकिकाविषयी. महाराष्ट्रात १९९८ पूर्वी आयुर्वेदाची पदवी पुणे, मुंबई, नागपूर अशा पारंपरिक विद्यापीठांकडून मिळत असे. त्या वर्षीच्या कायद्याने नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या या सर्व शाखांची महाविद्यालये एका छत्राखाली आली. यामुळे राज्यभर एक परीक्षा, एक वेळापत्रक व एक पदवी झाली. ही सुधारणा मोठीच होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्याबरोबर एक गोष्टही घडली. शंभर वर्षांच्या उंबरठ्यावरचे पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय किंवा वरळीचे पोदार महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्याच्या आणि काल-परवा निघालेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर एकाच विद्यापीठाचे नाव आले. संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाचा लौकिक हा अशा प्रकारे सर्वांचा सामाईक असतो. चांगल्यांनी तो मिळवायचा आणि इतरांनी तो वापरायचा. म्हणून ‘विद्यापीठ कसे आहे?’ या प्रश्नाला खरे उत्तर ‘कोणते महाविद्यालय?’ या प्रतिप्रश्नानेच सुरू होते.

लौकिक मागेही राहतो. जामनगरचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेले गुजरात आयुर्वेद विद्यापीठ हे आयुर्वेदासाठीच असलेले देशातील पहिले विद्यापीठ. आपल्यातील ज्येष्ठांसाठी ‘जामनगरचा एम.डी.’ हा एक शब्दप्रयोगच होता. पण तो मान ज्या पदव्युत्तर संस्थेने प्रामुख्याने मिळविला, ती संस्था आणि त्या परिसरातील गुलाबकुंवरबा आयुर्वेद महाविद्यालय २०२० च्या केंद्रीय कायद्याने एका स्वतंत्र राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेत विलीन झाले. राज्याचे विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांसह पुढे चालू आहे. ज्यास ही घटना ठाऊक नाही तो आजही एका संस्थेचा लौकिक ऐकून दुसरीच्या पदवीसाठी अर्ज करील. नाव तेच राहते, आतील द्रव्य बदललेले असते. खऱ्या अशोकाच्या जागी आसुपालवाची साल विकली जाते तेव्हा पोत्यावरची चिठ्ठीही ‘अशोक’ हीच असते, हे औषधनिर्मात्यांना वेगळे सांगावयास नको.

तिसरी कसोटी अभ्यासक्रमांची. तेथेही हाच अनुभव येतो. बी.ए.एम.एस.चा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवीत नाही. पूर्वी तो केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषद ठरवीत असे, आता राष्ट्रीय आयोग ठरवितो. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी दीड-दीड वर्षाच्या तीन व्यावसायिक टप्प्यांची रचना देशभर लागू केली. तेव्हा छापील अभ्यासक्रम पाहून दोन विद्यापीठांत फरक करणे अशक्यच आहे. पदव्युत्तर विषयांच्या यादीचेही तसेच. नोव्हेंबर २०२० मध्ये परिषदेने शल्य विषयातील ३९ आणि शालाक्य विषयातील १९ शस्त्रकर्मांची यादी राजपत्रात प्रसिद्ध केली, तेव्हा देशभर केवढा वाद झाला! त्या वादात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ज्या विभागात ही शस्त्रकर्मे शिकवावयाची, तेथील शस्त्रकर्मगृहाच्या नोंदवहीत गेल्या महिन्यात किती नोंदी आहेत? योग्या केल्याविना केवळ शास्त्र पढलेल्याची कर्मप्रसंगी काय अवस्था होते, हे सुश्रुताचार्यांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे.

मग विद्यापीठाच्या हाती उरते तरी काय? उरते ते थोडे नाही. संलग्नता देणे व काढणे, त्यासाठी समिती पाठवून पाहणी करणे, अध्यापकांना मान्यता देणे, परीक्षा घेणे व निकाल लावणे, ही सारी कामे विद्यापीठाचीच आहेत. विद्यापीठाचा दर्जा ठरवावयाचा तर तो याच कामांवरून ठरविला पाहिजे. पाहणीस गेलेली समिती अहवालात रिकाम्या खाटा रिकाम्याच लिहिते काय? प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक रुग्णापाशी उभा राहून विद्यार्थ्यास प्रश्न विचारतो, की भोजनोत्तर गुणपत्रकावर सही करतो? एखाद्या महाविद्यालयाची प्रवेशक्षमता कमी करण्याचा कटू आग्रह विद्यापीठाने कधी धरला काय? एकही नापास न करणारे विद्यापीठ विद्यार्थिप्रिय होईल, विश्वासार्ह होणार नाही.

सरकारी मूल्यांकने आहेत, हे खरे. देशातील संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. आयोगाच्या कायद्यात मूल्यांकन व मानांकनासाठी स्वतंत्र मंडळही आहे. त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु मानक आणि वास्तव यांत अंतर पडू शकते. २०१६ च्या किमान मानकांनुसार साठ विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास साठ खाटांचे रुग्णालय, बाह्यरुग्ण विभागात रोज सरासरी १२० रुग्ण, वर्षाची सरासरी धरता ४० टक्के खाटा भरलेल्या आणि २५० वनस्पतींचे उद्यान आवश्यक होते. २०२४ मध्ये आयोगाने नवे नियम केले. माझ्या स्नेह्यांच्या कन्येचे महाविद्यालयही कागदावर हे सर्व पूर्ण करीतच होते.

येथे कोणी विचारील, की सामान्य पालकाने अथवा वैद्याने हे सारे तपासावे कसे? चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची आणि नंतर आचार्याची परीक्षा करावी, असे सांगितले आहे. आचार्याच्या गुणांत केवळ विद्वत्ता नाही. त्याने कर्म पाहिलेले असावे, त्याच्यापाशी उपकरणे असावीत आणि शिष्यास समजावून देण्याचे सामर्थ्य असावे, अशी अपेक्षा आहे. परीक्षा घेण्याचा पहिला अधिकार शिष्याचा आहे. आपण तो कटऑफच्या यादीस देऊन टाकला.

यासाठी एक दिवस पुरतो. सुट्टीचा नव्हे, आठवड्याच्या मधला कोणताही दिवस निवडावा आणि न कळविता जावे. सकाळी बाह्यरुग्ण विभागात अर्धा तास बसावे. रुग्ण येतात की नाही आणि त्यांच्यापाशी विद्यार्थी उभे आहेत की नाहीत, हे दिसते. पंचकर्म विभागात तेलाचा व काढ्याचा वास येतो की नुसता फरशीच्या पाण्याचा, हे नाकास कळते. रसशाळेतील खल झिजलेला आहे की कपाटात चकाकतो आहे, ते पाहावे. उद्यानातील माळ्यास गुडूची दाखव म्हणावे आणि मग एखाद्या विद्यार्थ्यासही तेच सांगावे. शेवटी अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना चहा पाजून विचारावे, की मागील महिन्यात तुम्ही स्वतः किती रुग्णांचा वृत्तांत लिहिला? या भेटीतून जे कळते ते कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसते.

आता थोडे आपल्याविषयी, आणि ते कटू आहे. ज्या रिकाम्या विभागांची आपण निंदा करतो, त्यांच्या हजेरीपटावर नावे कोणाची असतात? आपल्यातील काहींची. वर्षातून तपासणीच्या चार दिवशी कोट घालून जावयाचे, सही करावयाची आणि उरलेले वर्ष स्वतःचे चिकित्सालय चालवावयाचे, या व्यवहारास आपण ‘कागदावरचा अध्यापक’ असे सौम्य नाव दिले आहे. मलाही एका संस्थेच्या प्रतिनिधीने अशी विचारणा केली होती. मी नकार दिला आणि स्वतःवर प्रसन्न झालो. परंतु ती गोष्ट मी विद्यापीठास कळविली नाही, आपल्या शाखेच्या सभेतही बोललो नाही. ज्या महाविद्यालयाकडे मी पुढे स्नेह्यांच्या कन्येस पाठविले, तेथेही अशी नावे नसतील, असे मी कोणत्या आधारावर मानले होते?

फार्मसीचालकांचाही यात वाटा आहे. परवान्यासाठी तांत्रिक देखरेखीस आयुर्वेदाचा पदवीधर लागतो. तो केवळ प्रमाणपत्रापुरता नेमला, तर महाविद्यालयास उत्तम पदवीधर घडविण्याचे कारणच उरत नाही. याउलट मुलाखतीस आलेल्या उमेदवारापुढे चार साली व चार मुळे ठेवून ‘ओळखा’ असे म्हणणारा फार्मसीचालक विद्यापीठाची खरी परीक्षा घेत असतो. असे निकाल जिल्हा शाखांनी नोंदवून ठेवले, कोणत्या महाविद्यालयातील आंतरवासी रुग्णापाशी बसू शकतो आणि कोणत्या महाविद्यालयातील नाही, याची वर्षानुवर्षे साधी वही ठेवली आणि ती विद्यापीठाच्या विद्याशाखेपुढे मांडली, तर कोणत्याही क्रमवारीहून ती अधिक उपयोगी ठरेल. असा प्रस्ताव पुढील वार्षिक सभेत मी मांडणार आहे. अनुमोदक हवे आहेत.

ती मुलगी पुढे काय करते, असे वाचक विचारतील. पदवीनंतर दोन वर्षे ती एका ज्येष्ठ वैद्यांच्या चिकित्सालयात बसली, औषधांच्या पुड्या बांधण्यापासून तिने आरंभ केला आणि आज स्वतंत्र चिकित्सा करते. तिचे चांगले झाले. परंतु महाविद्यालयात द्यावयाचे ते तिला बाहेर शोधावे लागले आणि त्यात तारुण्यातील दोन वर्षे गेली. ती तिने माझ्याकडे कधी मागितली नाहीत. म्हणूनच हल्ली कोणी पालक प्रवेशयादी घेऊन आले, की मी ती बाजूस ठेवतो आणि त्यांना विचारतो, “मंगळवारी सकाळी आपल्याला वेळ आहे काय? आपण एकदा जाऊन पाहून येऊ.”