खाली पाटियानो भाव

बडोद्यात, गोत्रीतल्या आमच्या गच्चीवर जायला इतकी वर्षं दोनच कारणं होती: पाण्याची टाकी आणि उत्तरायणाचे पतंग. यंदा मुलीने तिसरं काढलं. "बाबा, कोपऱ्यात डेक करू या. लाकडासारखा दिसतो, पण पॉलिश नको आणि वाळवीही लागत नाही."

या फळ्यांना बाजारात डब्ल्यूपीसी म्हणतात. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र तापवायचं आणि शेव पाडावी तसं साच्यातून दाबून काढायचं. दुकानदाराने भाव सांगितला, चौरस फुटाला ३२० रुपये. आमचा कोपरा १२ बाय १०. मी उभ्या उभ्याच हिशेब केला: ३८,४००.

मिस्त्री माप घ्यायला आला तेव्हा मी हा आकडा ऐटीत सांगितला. तो म्हणाला, "काका, ए तो खाली पाटियानो भाव छे."

गुजरातीत 'पाटिया' म्हणजे फळ्या आणि 'खाली' म्हणजे नुसता, फक्त. तीन पिढ्या बडोद्यात काढूनही माझा कान मराठीच. मी विचारलं, "मग वरचा किती?" मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला.

पण माझा कान अगदीच चुकला नव्हता. खरा खर्च खालीच निघाला. फळ्या कापताना दहा टक्के माल वाया जाणार, म्हणजे ३,८४०. फळीखालचा सांगाडा १३,२००. क्लिपा आणि स्क्रू ३,६००. कडेच्या पट्ट्या ४,४००. मजुरी ९,६००. बेरीज ७३,०४०. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ८६,१८७ रुपये. ३२० चा भाव ७१८ वर गेला, आणि वॉटरप्रूफिंग त्यात धरलेलंच नव्हतं.

"सांगाड्यात काही वाचवता येईल?" मी अस्सल मध्यमवर्गीय प्रश्न टाकला. आडव्या पट्ट्या साधारण फुटाफुटावर हव्यात, असं मिस्त्रीचं म्हणणं. दोन फुटांवर टाकल्या तर पैसे वाचतात, पण फळी मधे झोल खाते. शिवाय स्लॅबला भोकं पाडायची नाहीत; सांगाडा ठोकळ्यांवर नुसता ठेवायचा, नाहीतर पहिल्याच पावसात खालच्या खोलीचं छत ओलं. पाणी जायच्या तोंडावरची फळी उचलता आली पाहिजे. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तो पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे दोनदा सांगावं लागत नाही.

बायको दांडिया बाजारातली. तिचा प्रश्न सरळ होता, "मग सागच का नको? तांबेकर वाडा नाही का उभा?" रावपुऱ्यातला तो वाडा एकोणिसाव्या शतकातला, लाकडाचा. पण त्याच्या लाकडावर छप्पर आहे. आमच्या गच्चीवर आभाळ. उघड्यावरच्या सागाला भाव जास्त द्यायचा, वर दरवर्षी तेल पाजायचं. हे प्रकरण तिथंच मिटलं.

राहिलं ऊन. दुकानातून आणलेले दोन तुकडे, एक गडद तपकिरी आणि एक फिका राखाडी, मी मे महिन्यातल्या एका दुपारी गच्चीवर ठेवले. दोन वाजता अनवाणी पाय टेकवून पाहिला. तपकिरीवरून पाय तव्यावरून उचलावा तसा उचलला. राखाडीवर चार आकडे मोजता आले. उन्हाने फळी फुगतेही, म्हणून दोन फळ्यांमध्ये फट ठेवायची. ती फट धरून ठेवणं हेच त्या ३,६०० रुपयांच्या क्लिपांचं काम. मला आधी ते पैसे उगाच वाटले होते.

शेवटी १२ बाय १० चा हट्ट सोडला आणि ६ बाय १० वर आलो. रंग राखाडी. माप निम्मं केलं, सांगाडा मात्र मिस्त्री म्हणाला तसाच. दुपारी तिथं कोणी फिरकत नाही. संध्याकाळी सात वाजता फळ्या निवतात, मग आम्ही चहा घेऊन वर जातो.

परवा शेजारचे पटेलकाका जिना चढून वर आले. मी म्हटलं, "काका, काही काम होतं?"

"ना रे. खाली बेसवा आव्यो."

आणि खुर्ची पुढे करेपर्यंत ते फळ्यांवर मांडी घालून खाली बसलेसुद्धा.