चाचणी कोणाची? ड्रायव्हरची की नियमाची?

महामार्गावर एखादा मोठा अपघात झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये पेपर उघडून कोणीतरी हमखास म्हणतो, "हे ट्रकवाले काहीतरी घेतल्याशिवाय गाडीच चालवत नाहीत. नोकरीवर ठेवण्याआधीच यांची टेस्ट घ्यायला हवी!" बाकीचे माना डोलावतात, पोहे संपतात, सबमिशनची वेळ होते आणि चर्चा तिथेच संपते.

मला मात्र वाटतं की हे वाक्य जरा गंभीरपणे घ्यावं. नोकरीआधी ड्रायव्हरची ड्रग टेस्ट घेण्याचा कायदा अमेरिकेत गेली तीसेक वर्षं चालू आहे. सेफ्टीच्या सेमिनारसाठी मी हाच विषय घेतला, तेव्हा आमच्या विंगमधल्या मंडळींनी मला 'बाटली स्पेशालिस्ट' अशी पदवीही देऊन टाकली. असो! पण ती नियमावली वाचताना माझं एक मत पक्कं झालं. टेस्ट जरूर असावी. पण टेस्ट घेणाऱ्यावर जेवढी बंधनं असतील, तेवढीच त्या टेस्टला किंमत असते. बंधनं काढून टाका, उरतो तो फक्त संशय.

थोडा इतिहास बघू. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यात चेस या ठिकाणी तीन जोडलेली मालगाडीची इंजिनं सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर आली आणि मागून वेगात येणारी प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ जण गेले. इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा ओढला होता हे उघड झालं. पण त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट समोर आली. सिग्नल चुकला तर वाजणारी केबिनमधली शिट्टी चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेली होती! म्हणजे माणूसही बिघडलेला आणि यंत्रही. पुढे ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा दारू प्यायलेला चालक गाडी रुळावरून घसरवून बसला आणि ५ प्रवासी मेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन काँग्रेसचा कायदा झाला आणि ट्रक, बस, रेल्वे, विमान या सगळ्यांसाठी नशेची चाचणी सक्तीची झाली. गंमत पाहा, अपघात रेल्वेचे, पण आज या कायद्याखाली सर्वांत जास्त माणसं येतात ती ट्रक-बसवाली.

आता नियम काय आहे? साधारण ११,८०० किलोपासून वरच्या वजनाचा ट्रक, चालकासह १६ किंवा अधिक माणसांची बस किंवा धोकादायक माल वाहणारी गाडी चालवायला तिथे वेगळं व्यावसायिक लायसन्स लागतं. असा ड्रायव्हर नवीन नोकरीत पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसण्याआधी त्याच्या चाचणीचा 'निगेटिव्ह' निकाल मालकाच्या हातात असलाच पाहिजे. नेमणूक आधी झाली तरी चालेल, गाडी चालवायची नाही. एकट्याचा ट्रक असलेल्या मालक-चालकालाही सूट नाही. गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन, अफूवर्गीय औषधं आणि पीसीपी अशा पाच गटांची तपासणी होते. २०१८ पासून ऑक्सिकोडोनसारखी वेदनाशामकंही त्यात आली. दारूची चाचणी मात्र नोकरीआधी सक्तीची नाही. मालकाला घ्यायची असेल तर घ्यावी, पण मग सगळ्यांची घ्यावी. 'हा माणूस मला जरा तसा वाटतो' म्हणून एकट्याला बाजूला काढता येत नाही.

इथपर्यंत आपल्या मेसमधल्या वक्त्याला सगळं पटेल. खरी मजा पुढे आहे. ही नियमावली जितकी ड्रायव्हरवर अविश्वास दाखवते, तितकाच लॅबवर, मालकावर आणि नमुना गोळा करणाऱ्यावरही दाखवते!

नमुना लघवीचा. किमान ४५ मिलिलिटर. चार मिनिटांच्या आत त्याचं तापमान पाहायचं. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये नसेल तर गडबड आहे असं समजायचं. मग ड्रायव्हरच्या डोळ्यांदेखत तो दोन बाटल्यांत ओतायचा, एकीत ३० आणि दुसरीत १५. दोन्हींवर सील, सीलवर ड्रायव्हरची आद्याक्षरं, आणि बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याचा कागद सोबत. लॅबमध्ये आधी एक झटपट चाळणी. तिच्यात अडकला तर त्याच नमुन्याची दुसऱ्या, जास्त अचूक पद्धतीने, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासणी. गांजाचं उदाहरण घ्या: चाळणीची मर्यादा एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम, पक्क्या तपासणीची १५.

दोन पायऱ्या कशाला, एकीत भागत नाही का? इंजिनिअरिंग मॅथ्सची बॅक राहिलेल्यांनाही जमेल असं एक गणित करू. आकडे माझे, केवळ समजण्यासाठी. १००० उमेदवार आहेत. त्यातले खरोखर नशा करणारे १०. चाळणी या दहाही जणांना पकडते, पण १०० निर्दोष माणसांमागे ५ जणांना चुकून दोषी ठरवते. ९५ टक्के बरोबर म्हणजे डिस्टिंक्शनच की! पण उरलेल्या ९९० चे ५ टक्के म्हणजे जवळजवळ ५० जण. एकूण पकडले ६०, त्यातले खरे १०. म्हणजे दर सहातले पाच जण निर्दोष! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. इथे तर चोरही सापडला आणि त्याच्याबरोबर पाच संन्यासीही लटकले. स्वस्तातली पट्टी आणून गेटवरच निकाल लावणारी टेस्ट म्हणून धोक्याची.

आणि हे फक्त कागदावरचं गणित नाही. आपल्या घरी अनारशाला लावतात ती खसखस आठवा. अफूच्याच झाडाचं बी ते. भरपूर खसखस खाल्ली तर लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. अमेरिकेत आधी मॉर्फिनच्या चाळणीची मर्यादा ३०० नॅनोग्रॅम होती. खसखस लावलेले पाव खाणारी सरळ माणसं त्यात सापडायला लागल्यावर १९९८ मध्ये ती २००० वर नेली. शिवाय हेरॉइन ओळखायला एक वेगळा घटक तपासतात, जो खसखशीतून येत नाही. माणूस खोटारडा आहे हे गृहीत धरण्याऐवजी आपलं यंत्र चुकतंय का, हे आधी पाहिलं गेलं. मला तरी यालाच इंजिनिअरिंग म्हणावंसं वाटतं.

पुढची पायरी तर मला सर्वांत आवडली. लॅबचा निकाल मालकाकडे जातच नाही! तो जातो एका स्वतंत्र डॉक्टरकडे. हा डॉक्टर ड्रायव्हरशी बोलतो, काही औषधं चालू आहेत का विचारतो, चिठ्ठी खरी आहे का तपासतो आणि मगच निकाल पक्का करतो. तोपर्यंत मालकाला कळवायचं नाही. निकाल पॉझिटिव्ह ठरला तरी ड्रायव्हर ७२ तासांत सांगू शकतो की माझी ती दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये उघडा. त्याच्या खिशात त्या क्षणी पैसे नसले तरी ही तपासणी अडवता येत नाही; वसुली नंतर. शेवटी खरोखरच दोषी ठरला तर? कायमची बंदी नाही. तज्ज्ञाकडे जा, सांगतील ते उपचार घ्या, पुन्हा चाचणी द्या आणि परत आल्यावर पहिल्या १२ महिन्यांत अचानक होणाऱ्या किमान सहा चाचण्या पास व्हा. म्हणजे दार बंद होतं, पण भिंत होत नाही.

पूर्वी एक पळवाट होती. एका कंपनीत नापास झालेला ड्रायव्हर दुसरीत जाऊन गप्प बसायचा. ६ जानेवारी २०२० पासून 'क्लिअरिंगहाऊस' नावाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. नोकरी देण्याआधी मालकाने ती पाहायलाच हवी, आणि तीसुद्धा ड्रायव्हरच्या संमतीने. १८ नोव्हेंबर २०२४ पासून तर बंदी असलेल्या ड्रायव्हरचं व्यावसायिक लायसन्सच राज्य सरकार काढून घेतं.

एवढं कौतुक केलं म्हणून हा नियम धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. माझा पहिला आक्षेप, ही टेस्ट कालचा माणूस मोजते, आजचा नाही. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस, नेहमी ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे राहतो. पंधरा दिवसांपूर्वी सुट्टीत ओढलेला पकडला जातो, पण आज तो गाडी चालवायला ठीक आहे की नाही, हे बाटली सांगत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आता गांजा कायदेशीर आहे, तरी ट्रक ड्रायव्हरला तो चालत नाही. डॉक्टरचं पत्र असलं तरी नाही. ८० किलोचा माणूस ३६ टनांचा ट्रक चालवणार असेल तर शंकेचा फायदा रस्त्यावरच्या लोकांना द्यावा, हे मला मान्य आहे. पण मग 'तो नशेत होता' असं म्हणू नये. 'तो नियमात बसत नव्हता' एवढंच म्हणावं. नियमावलीत बसवलेला हा फरक आपल्या बोलण्यातही दिसायला हवा.

दुसरा आक्षेप मोठा आहे. थकवा लघवीत दिसत नाही! माझे मामा लासलगावचा कांदा ट्रकने दक्षिणेकडे नेतात. त्यांना मी या सगळ्या बाटल्यांचं पुराण सांगितलं तर ते म्हणाले, "भाचेबुवा, गोळी कोणी हौसेनं खात नाही. माल वेळेत पोचला नाही की भाड्यातनं कापतात, म्हणून खातो. आधी झोपायला जागा द्या, मग बाटली द्या." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमेरिकेत निदान टेस्टच्या जोडीला तासांचा नियम आहे: सलग १० तास विश्रांती, मग १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास ड्रायव्हिंग. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती. मामांना विचारलं, कधी पाळली गेली का? ते नुसतेच हसले. चेसच्या अपघातातली ती चिकटपट्टी लावलेली शिट्टी आठवते ना? फक्त माणूस तपासला आणि शिट्टी तशीच ठेवली, तर पुढचा अपघात ठरलेलाच.

मग आपण काय करावं? आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे. ते रस्त्यावर, गाडी चालवताना लागू होतं. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. नोकरीआधीच्या ड्रग टेस्टची सक्ती विमान क्षेत्रात २०२२ पासून आली. ट्रकवाल्यांसाठीही ती यावी, या मताचा मी आहे. पण ती यायची असेल तर पूर्ण यावी. दोन बाटल्या, दोन पायऱ्या, मधला डॉक्टर, परतीची वाट आणि झोपेचे तास हे सगळं बरोबर घेऊन. नाहीतर होईल असं की नियमातली शिक्षा तेवढी आपण आयात करू आणि संरक्षण कस्टममध्येच अडकून राहील. मग नापास ड्रायव्हरला पास करणारे एजंट उभे राहायला कितीसा वेळ लागेल, हे आरटीओच्या बाहेर उभं राहून आलेल्या कोणालाही सांगायला नको.

आणि मित्रांनो, हा विषय फक्त 'त्यांचा' समजू नका. कॅम्पसमधून सिलेक्ट झाल्यावर आपल्यालाही मेडिकल असते. कागद पुढे येतात, आपण न वाचता सह्या ठोकतो. उद्या त्यात ड्रग टेस्ट असली तर? परीक्षेच्या दिवसांत घेतलेल्या कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधाचं काय? होळीला मित्रांनी आग्रहाने पाजलेल्या भांगेच्या थंडाईचं काय? भांग आणि चिलीम यांतला फरक लघवीला कळत नाही! म्हणून सही करण्याआधी चार प्रश्न विचारायची सवय लावा. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर पक्की तपासणी होणार का? दुसरा नमुना ठेवणार का? माझं म्हणणं कोणी डॉक्टर ऐकणार का? निकाल कोणाकोणाला कळणार? हे प्रश्न विचारणारा चोर नसतो. अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरला हे न विचारता मिळतं, आपल्या पदवीधराला विचारूनही मिळत नसेल तर लाज आपल्याला वाटायला हवी, ती प्रश्न विचारणाऱ्याला नको.

उद्या आपल्यापैकीच कोणी फ्लीट मॅनेजर होईल, कोणी प्लँटमध्ये सेफ्टी ऑफिसर. टेस्टचा कागद तयार करणारा हात तेव्हा आपला असेल. त्या कागदावर ड्रायव्हरच्या सहीसाठी एक ओळ असतेच. त्याच्या हक्कांसाठी किती ओळी ठेवायच्या, ते आपण ठरवायचं आहे.