परळला येणाऱ्या नव्या पेशंटसाठी

तुकडा तपासायला जातो, रिपोर्ट येतो, डॉक्टर ‘परळला, टाटाला दाखवून या’ म्हणतात आणि घरात पहिली धावपळ सुरू होते ती पैशांची. कुणी सोनं गहाण टाकतं, कुणी पतसंस्थेत जाऊन बसतं, कुणी रस्त्याकडेचं अर्धा एकर विकायला काढतं. माझं सांगणं मुख्यतः एवढंच आहे की ही धावपळ दोन दिवस थांबवा. आधी विचारा, मग पैसे भरा. महाराष्ट्रात कॅन्सरच्या उपचारासाठी जी मदत मिळते, तिचा मोठा भाग आधी मंजुरी घेणाऱ्याला मिळतो. खर्च करून मग पावत्यांची पिशवी घेऊन आलेल्या माणसाच्या हाती सहसा काही लागत नाही, मग तो कितीही गरजू असो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंच बघा. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, म्हणून जुनी माणसं तिला अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देते. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं. कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, यांचे बरेच प्रकार तिच्यात बसतात. पण ही योजना पेशंटच्या खात्यात पैसे टाकत नाही. हॉस्पिटल आधी मंजुरी मागतं, ती आली की उपचार करतं आणि पैसे थेट हॉस्पिटलला मिळतात. म्हणून कोणत्याही हॉस्पिटलात डिपॉझिट भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे हॉस्पिटल योजनेत आहे का, आणि आमचा हा उपचार योजनेत बसतो का? उत्तर देण्यासाठी तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसवलेला असतो. त्याचं टेबल बहुतेक वेळा कोपऱ्यात असतं, शोधावं लागतं. घरून निघण्याआधी १५५३८८ या नंबरावरही विचारता येतं.

आणि निघण्याआधीच आधार आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवून नाव वाचा. एकीकडे ‘सुमन’ आणि दुसरीकडे ‘सुमनबाई’, सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नाही, जन्मसाल वेगळं, अशा गोष्टींवर मंजुरी अडते. तहसील कार्यालयात हे काम गावात असताना होतं. मुंबईत पोचल्यावर तेवढ्यासाठी कुणाला तरी रात्रीची गाडी धरून परत जावं लागतं.

आता दुसरा प्रश्न, आणि तो विचारायला माणसं बिचकतात: परळला यायलाच हवं का? निदान पक्कं करायला, अवघड ऑपरेशनसाठी किंवा दुर्मिळ कॅन्सरसाठी यावं, जरूर यावं. पण शेक द्यायचे ठरले तर बऱ्याचदा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे लागतात. एक शेक काही मिनिटांचा असतो. तेवढ्यासाठी दोन माणसांनी दीड-दोन महिने मुंबईत राहायचं, शेत आणि मुलं वाऱ्यावर सोडायची, हा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटल आहे, त्याच शहरात नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटही आहे. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशभरातली अनेक हॉस्पिटलं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्याने टाटाशी जोडलेली आहेत, त्यामुळे कोणत्या कॅन्सरला काय उपचार द्यायचे याची मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्याकडेही आहेत. परळच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘तुम्ही आखून दिलेले उपचार आमच्या जवळच्या हॉस्पिटलात घेता येतील का?’ ते रागावत नाहीत. त्यांच्या दारातली रांग त्यांना रोज दिसते.

आता परळ. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलं. नाव टाटांचं राहिलं, पण १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ‘टाटाचं म्हणजे महागडं’ हा समज त्यामुळे पहिल्याच दिवशी सोडून द्या. हॉस्पिटलच्याच सांगण्याप्रमाणे जवळजवळ साठ टक्के पेशंटवर तिथे नाममात्र पैशांत किंवा मोफत उपचार होतात. नाव नोंदवताना जनरल की प्रायव्हेट, असं विचारलं जातं. चार पैसे जास्त मोजले की डॉक्टर जास्त लक्ष देतील, या हिशेबाने साधी माणसंही ‘प्रायव्हेट’ म्हणून मोकळी होतात. हा हिशेब चुकीचा आहे. छातीचा, तोंडाचा, रक्ताचा, अशा एकेका कॅन्सरसाठी डॉक्टरांचा वेगळा गट असतो आणि उपचार तो गट ठरवतो, तुमच्या फाइलचा प्रकार नाही. जनरलमध्ये थांबावं जास्त लागतं, हे खरं. पण आजार महिनोन्‌महिने चालतो आणि प्रायव्हेटचे दर सुरुवातीच्या एक-दोन बिलांना झेपले म्हणून शेवटपर्यंत झेपतील असं नाही. मध्येच प्रकार बदलून मागणं सोपं नसतं.

कागदांबद्दल एक गोष्ट नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. नुसता बायोप्सीचा रिपोर्ट पुरत नाही. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला, तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. टाटातले डॉक्टर ते स्वतः पुन्हा तपासतात, कारण कॅन्सरचा प्रकार नेमका कळला नाही तर औषधच चुकतं. ब्लॉक नसेल तर कदाचित पुन्हा तुकडा काढावा लागतो, म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा दुखणं, पुन्हा वाट. लॅबवाले कुरकुर करतील. ब्लॉक तुमच्याच शरीराचा आहे, सही करून घेऊन या. सीटी किंवा एमआरआय झालं असेल तर कागदासोबत त्याची सीडीही आणा. घरातल्या एकाच माणसाने फाइल सांभाळावी. तो सर्वांत शिकलेला नसला तरी चालेल, वस्तू न हरवणारा हवा.

मग तपासण्या सुरू होतात आणि त्यात आठ-पंधरा दिवस जातात. या दिवसांत नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. ‘गाठ वाढतेय आणि हे नुसतं रक्त काढतायत!’ त्यांची चिडचिड समजते. पण गाठ कुठपर्यंत गेली आहे हे कळल्याशिवाय आधी ऑपरेशन की आधी केमो, हे ठरत नाही, आणि हा क्रम चुकला तर नंतर दुरुस्त करणं कठीण जातं. याच दिवसांत कुणीतरी दूरचा नातेवाईक एखाद्या वैद्याचा पत्ता देतो. तिथे जाऊन दोन महिने काढलेले पेशंट परत येतात तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. जे काही काढे, चूर्णं चालू असतील ती डॉक्टरांना दाखवा. लपवून केमोबरोबर घेऊ नका.

या मोकळ्या दिवसांत करायचं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे वैद्यकीय समाजसेवा विभागात जाणं. तिथल्या समाजसेविकांना सगळे एमएसडब्ल्यू म्हणतात. पैसे संपल्यावर त्यांच्याकडे जायचं असतं, असा समज आहे. नेमकं उलट आहे. पैसे असताना जा, उपचार सुरू व्हायच्या आत जा. कोणता ट्रस्ट कोणत्या आजाराला मदत करतो, मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान निधीचे अर्ज कसे भरायचे, त्याला लागणारं खर्चाचं पत्रक कुठून मिळतं, लहान मुलांसाठी वेगळी काय सोय आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. पण त्यांना खरं सांगावं लागतं. आपली माणसं इथे फार अडतात. खाकी फाइल मांडीवर घेऊन बसलेला शेतकरी विचारलं की म्हणतो, ‘चाललंय तसं बरं.’ सोसायटीचं कर्ज, बहिणीकडून घेतलेले उसने, मुलीची थांबलेली फी यातलं काहीच बोलत नाही. समोरची बाई फॉर्मवर तेच लिहिते, जे तुम्ही सांगता. लाज वाटण्याची जागा ती नाही. घरात कमावणारे किती, खाणारे किती, कर्ज किती, हे आकड्यांत सांगा आणि तलाठ्याकडून तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला जोडा.

राहायची सोयही तिथेच विचारा. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वांद्र्याला टाटाचंच डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होम आहे. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे आईबाप मुलाजवळ राहतात. यांतल्या बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटलची चिठ्ठी लागते आणि जागा कायम भरलेल्या असतात. म्हणून पहिल्याच दिवशी नाव घाला, आज नाही मिळालं तर उद्या परत विचारा. हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर अंथरूण टाकून राहिलेली कुटुंबं तुम्हाला दिसतील. त्यांतल्या काहींना जागा मिळालेली नसते, आणि काहींना विचारायचं कुणाला हेच कळलेलं नसतं.

दारापाशी तुम्हाला ‘मी आतला आहे, लवकर नंबर लावून देतो’ म्हणणारा माणूस भेटू शकतो. त्याला एक रुपयाही देऊ नका. पैसे काउंटरवर भरायचे, पावती किंवा कार्डावरची नोंद घ्यायची. बाकी कुठेही नाही.

उपचार ठरवायचा दिवस येतो तेव्हा डॉक्टर घाईत असतात आणि आपण घाबरलेले. ‘आम्हाला काय कळतंय, तुम्ही देव आहात’ हे वाक्य त्या दिवशी घरी ठेवून या. डॉक्टरही त्याने अवघडतात. कागदावर प्रश्न लिहून न्या. हा उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठी आहे, की तो आटोक्यात ठेवण्यासाठी? या एका उत्तरावर घर विकायचं की नाही इथपर्यंतचे निर्णय अवलंबून असतात, आणि तोच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. किती महिने लागतील, एकूण खर्च किती येईल? तोंडाला किंवा घशाला शेक द्यायचे असतील तर आधी दात दाखवायचे का? तरुण पेशंट असेल तर पुढे मूल होण्याबद्दल केमोच्या आधी बोला. लाज वाटते म्हणून हा प्रश्न राहून जातो आणि केमो झाल्यावर कधीकधी त्याला उत्तर उरत नाही.

‘त्यांना सांगू नका हं, त्यांना गाठ म्हणूनच सांगितलंय,’ असं मुलं डॉक्टरांच्या कानात सांगतात. पाटीवर मोठ्या अक्षरांत हॉस्पिटलचं नाव आहे, शेजारच्या बाकावर केस गेलेली माणसं बसलेली आहेत. वडिलांना कळलेलं असतं. ते तुमच्यासाठी गप्प असतात.

केमो सुरू झाली की घरात थर्मामीटर हवाच. केमोनंतर काही दिवस रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही जिवावर बेततो. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. गावी असाल तर जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात जायचं हे आधीच ठरवून ठेवा आणि तिथे पोचताच पहिलं वाक्य सांगा, ‘पेशंट केमोवर आहे.’ केमोची फाइल दाखवा. या एका वाक्याने तिथले डॉक्टर पटापट हलतात.

दुखत असेल तर सोसू नका. टाटात वेदना कमी करण्यासाठी पॅलिएटिव्ह विभाग आहे. त्याचं नाव काढलं की ‘म्हणजे आता संपलं’ असं वाटून माणसं तिथे जाणं टाळतात. बरे होणारे पेशंटही तिथे औषध घेतात. मॉर्फीनची गोळी डॉक्टरांच्या हिशेबाने घेतली तर व्यसन लागेल ही भीती धरायचं कारण नाही. रात्री झोप लागते, जेवण जातं, आणि पुढची केमो घ्यायला अंगात ताकद राहते.

सोबतच्या माणसाबद्दल एकच. बहुतेक वेळा ती बायको किंवा सून असते, आणि ती जेवत नाही. दर पंधरा दिवसांनी तिची पाळी बदला.

गावी परतताना स्थानिक डॉक्टरांसाठी कागद मागा: कोणतं औषध दिलं, पुढची तारीख कोणती, रक्त कधी तपासायचं. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही हॉस्पिटलातूनच सही-शिक्क्याने मिळतो. स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटला तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सूट मिळते. मुंबईत असेपर्यंत लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातही कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, तेव्हा दादर-परळच्या गर्दीत साध्या डब्यात चढण्याचा हट्ट करू नका. रेल्वेचा फॉर्म आरक्षणाच्या खिडकीवर दाखवावा लागतो आणि तपासणीच्या तारखा महिनोन्‌महिने पुढे असतात, म्हणून पुढची तारीख हातात पडेल त्याच दिवशी फॉर्मही घेऊन ठेवा.