प्रार्थनेचे वचन आणि त्याची अट

मागणाऱ्याला देव रिकाम्या हाती परत पाठवीत नाही, अशा अर्थाचे आश्वासन बायबलमध्ये येशूच्या तोंडी आहे. काही ‘चंगाई सभां’तून त्याचा अर्थ असा लावला जातो की, श्रद्धा पुरेशी असेल तर रोग गेलाच पाहिजे, न गेल्यास दोष रुग्णाच्या श्रद्धेचा! या भरवशावर औषध सोडणाऱ्या गरिबाच्या ते जिवावर बेतू शकते. तेव्हा मुळात ख्रिस्ती धर्मग्रंथ तरी असे सांगतो काय, हे पाहिले पाहिजे.

तो तसे सांगत नाही. योहानाचे पहिले पत्र देवाच्या इच्छेला धरून केलेल्या मागणीबद्दलच खात्री देते. याकोबाचे पत्र स्वार्थी याचना निष्फळ ठरविते. शरीरातील ‘काटा’ दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा प्रार्थना केली, काटा राहिलाच. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत मरण टळावे अशी विनवणी केली, पण निर्णय पित्याच्या इच्छेवर सोपविला. क्रूस टळला नाही. येशूची श्रद्धा उणी पडली, असे कोणता प्रचारक म्हणेल?

पुणेकरांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. शारदा सदनातील मुली पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही संस्थेपासून दूर झाले. धर्मांतराविषयीचा तो मतभेद आजही आपल्याला मान्य आहे. परंतु प्रार्थनेवर अढळ विश्वास असणाऱ्या रमाबाई हात जोडून स्वस्थ बसल्या नाहीत, हेही तितकेच खरे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी विहिरी खणविल्या, शेती केली, छापखाना उभारला. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतःचा अंत होईपर्यंत त्यांची निष्ठा ढळली नाही. मागितलेले मिळणे हीच श्रद्धेची कसोटी असती, तर ती तेव्हाच मोडली असती.

हा निकष आपल्यालाही लागू आहे. नवसाच्या सौदेबाजीवर तुकोबांनी कोरडे ओढले, ते आपल्याच समाजावर. म्हणून प्रचारकांकडे मागणे एवढेच, की वचन सांगताना त्याची अटही सांगावी आणि रुग्णाला वैद्यापासून तोडू नये. वस्तीत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही कुणाच्या प्रार्थनेची टिंगल करू नये. औषध बंद झाले आहे काय, एवढे आधी विचारावे आणि रुग्णाला दवाखान्यात पोहोचवावे.